तिसरा पिस्टन

मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या कामाच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक उघडलेलं शिलाई मशीन आणि एक अर्धवट इंजिन. मशीन गिऱ्हाईक दुसऱ्याच आठवड्यात घेऊन गेलं. इंजिनावरून मात्र महाभारत झालं.

इंजिन कसलं, खेळणंच ते. दोन तळहातांवर मावेल एवढं. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, नळीतली हवा तापते, फुगते, पिस्टनला ढकलते. निवली की पिस्टन मागे येतो आणि चाक फिरत राहतं. वाफ नाही, पेट्रोल नाही. मिस्त्रींनी पितळी चाक केलं होतं, बैठक केली होती, तापणारी नळी आणि तिच्या आत खालीवर होणारा हलका डबा केला होता. बिडाचा सिलिंडरही भोक पाडून, आतून घासून तयार होता. राहिला होता त्यातला पिस्टन. अंगठ्याच्या पेराएवढा बिडाचा तुकडा.

त्या तुकड्यातच सगळी मेख होती. असल्या इंजिनाचं बळ ते किती, डासाएवढं. पिस्टन जरा घट्ट झाला की ते बळ घासण्यातच संपतं. जरा सैल झाला की हवा बाजूने निसटते आणि ढकलायला काही उरत नाही. वर रिंग बसवायची सोय नाही, तेलाचा भरवसा नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसापेक्षाही कितीतरी बारीक फट हवी, आणि ती सगळीकडून सारखी हवी.

मिस्त्रींच्या बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणत आणि बहिणीला वन्सं. वन्सं हे खरं तर भावजयीनं नणंदेला म्हणायचं; पण वहिनी ते इतक्या ठसक्यात म्हणायच्या, की ऐकून ऐकून बाकीच्यांच्याही तोंडी तेच बसलं.

दोघींचं कधी पटलं नाही. मिस्त्री लग्नाआधी एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. लग्न झालं, सासऱ्यांचे डोळे गेले, आणि मिस्त्री नोकरी सोडून सासऱ्यांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसले. "दादा फोरमन झाला असता," वन्सं भेटेल त्याला सांगायच्या. "आमच्या वहिनींनी त्याला टीप मारायला बसवलं." स्वतः वन्सं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. दुसऱ्यानं केलेला माल मोजायचा आणि नापास करायचा, हेच जन्मभर काम. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नव्हती. आता माल उरला नव्हता, म्हणून माणसं नापास करायच्या.

वहिनीही काही कमी नव्हत्या. बापाच्या दुकानात वाढलेल्या. मशीन चालताना ऐकूनच सुई किती मागे पडतेय ते सांगायच्या. लेथवर त्यांचा हात मिस्त्रींइतकाच बसलेला होता. आणि तोंड तर त्याहून जास्त.

पण एक होतं. भांडण केवढंही असो, दोघी एकमेकींना अहो-जाहोच करायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, पाहुणचार चालला आहे.

एका दुपारी वन्सं कापडी पिशवी घेऊन दुकानात आल्या.

"दादाचं इंजिन न्यायला आले."

"आणि दुकान? ते पण पिशवीत घालून न्या," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या काय कामाचं ते? तुम्ही त्यावर भांडी ठेवाल."

"माझ्या नवऱ्यानं माझ्या लेथवर केलंय. दुकानाच्या काचेत ठेवायला केलंय."

"त्यानं मला शब्द दिला होता. लहानपणी आम्ही दोघांनी पत्र्याच्या डब्याचं केलं होतं, ते चाललं नव्हतं. हे माझ्यासाठी होतं."

"तुम्हाला दिलेले शब्द बरे असतात, वन्सं. ते ऐकायला तिसरं कोणी कधी नसतं."

त्या वेळी ओतारी दुकानात बसला होता. मागच्या गल्लीत त्याची लहानशी भट्टी होती; मिस्त्रींना बिडाच्या कांड्या तोच ओतून द्यायचा. दोघींच्या मध्ये सापडलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. हसून वेळ मारून नेली. "अहो, कशाला भांडता? जिचा पिस्टन चालेल तिचं इंजिन. संपलं!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओतारीला वाटलं, विनोद जमला. पण वन्संनी पिशवीतून भोकाचं आतलं माप घ्यायचा बोअर गेज काढला आणि म्हणाल्या, "सिलिंडर द्या. मोजून घेते. मी ओतारींच्या भट्टीवरच्या लेथवर करीन."

"आणि मी इथं करीन," वहिनी म्हणाल्या.

"मी आपलं सहज..." ओतारी म्हणाला. पण बाण सुटला होता.

वन्संनी सिलिंडर उजेडाकडे धरून आत गेज सरकवला. तोंडाशी मोजलं, मध्ये मोजलं, तळाशी मोजलं. मग पुन्हा तोंडाशी. काटा पाहताना त्यांचा खालचा ओठ आत ओढला गेला. वहिनींनी ते पाहिलं. वन्संनी काही न बोलता सिलिंडर खाली ठेवला आणि निघून गेल्या.

पुढचे काही दिवस ओतारीचे हाल झाले. सकाळी वन्सं त्याच्या लेथवर उभ्या. कांडी थोडी सोलली की थांबायच्या, गार होऊ द्यायच्या, मायक्रोमीटर लावायच्या, पुन्हा सोलायच्या. "तुमचा लेथ थरथरतो," म्हणून त्याला दहादा ऐकवायच्या. दुपारी तो दुकानात गेला की वहिनी विचारायच्या, "काय, झाला का हिऱ्याला पैलू पाडून?" वहिनींचं काम दुसऱ्या तऱ्हेचं. त्या थोडं सोलायच्या आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडाशी लावून बघायच्या. बोटांना काय कळतं त्यावर पुढचं ठरायचं. शेवटी शेवटी तर त्यांनी धातू चमकवायची पेस्ट लावून पिस्टन सिलिंडरच्या तोंडातच फिरवून बसवला.

दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी तिघं जमले.

आधी वन्संचा पिस्टन. रॉकेलने धुतलेला, कोरडा केलेला, आरशासारखा. वन्संनी सिलिंडरचं खालचं तोंड तळव्यानं बंद केलं आणि वरून पिस्टन सोडला. नीट बसला असेल तर तो अडलेल्या हवेवर तरंगत सावकाश उतरायला हवा. हा वरच्या निम्म्या भागात भसकन खाली गेला आणि पुढे मात्र हवा तसा हळूहळू. तरी त्यांनी इंजिन जोडलं, दिवा लावला, नळी तापल्यावर चाकाला टिचकी दिली. चाक दोन-चार फेरे कण्हत फिरलं आणि थांबलं.

"हवा गळतेय," वहिनी म्हणाल्या. "सुंदर आहे हो मात्र. टिकली लावायला आरसा म्हणून ठेवा."

मग वहिनींचा. तो वरून असा देखणा उतरायला लागला की ओतारीच्या तोंडून "वा!" निघून गेलं. आणि निम्म्यावर जाऊन तो अडकला. इंजिनात घातल्यावर चाक जरासं वळून थांबलं आणि टिचकी मारली तरी जागचं हलेना.

वन्सं हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या.

"सिलिंडरचं तोंड तुम्ही घासून मोठं केलंत," त्या म्हणाल्या. "पेस्ट लावून आत पिस्टन फिरवलात. ओतारींनी पाहिलंय. दादाचं काम नासवलंत तुम्ही."

"मी?"

"तोंडाशी सैल, आत घट्ट. मी सांगते मोजून. दादानं असलं काम जन्मात केलं नसतं."

वहिनींचा चेहरा हळूहळू लाल झाला. "वन्सं, तुम्ही पहिल्याच दिवशी मोजलं होतं. तेव्हा मी पेस्टच्या डबीला हातसुद्धा लावला नव्हता. काटा बघून तुम्ही ओठ गिळलात, मी इथून बघत होते. तेव्हा का नाही बोललात?"

वन्सं ओतारीकडे बघायला लागल्या.

"मी सांगते का ते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या दादानं ते बिघडवलंय हे तुम्हाला तेव्हाच कळलं. आणि ते कबूल करण्यापेक्षा माझ्या माथी मारणं सोपं होतं."

"मेलेल्या माणसाबद्दल बोलताय."

"जिवंत होते तेव्हाही मी बोलले होते! एकाच बाजूने घासत होते ते. मी म्हटलं, अहो, उलटा करा, तोंड फाकतंय. ऐकतील तर शपथ. धीर नव्हता त्यांना. कधीच नव्हता. फोरमन म्हणे! त्यांची मशिनं मी मागाहून पुन्हा उघडून नीट करायची, गिऱ्हाइकाला कळू न देता. लग्न झाल्यापासून! त्या दिवशी मला राहवलं नाही. घिसाडी म्हणाले मी त्यांना. तोंडावर. रुसले. माझ्याशी बोलायचं बंद केलं, जेवायला सुद्धा वेगळे बसले. आणि तो अबोला मोडायच्या आतच..."

दुकानात स्पिरिटचा वास भरून राहिला होता. ओतारीनं हळूच दिव्यावर झाकण घातलं.

दुसरी कोणी असती तर इथे विरघळली असती. वन्सं विरघळल्या नाहीत. उलट त्यांना धार चढली.

"म्हणजे माझा भाऊ गेला तो घिसाडी हा शब्द कानात घेऊन," त्या म्हणाल्या. "बरं झालं, कळलं. एवढी वर्षं मी विचार करत होते, त्याला या घरात काय मिळालं."

वहिनींनी इंजिनातून सिलिंडर सोडवला, लेथपाशी गेल्या आणि खणातून चीर पाडलेली पितळी कांडी काढली. मिस्त्री तिच्यावर पेस्ट माखून सिलिंडर आतून घासायचे. ती त्यांनी लेथमध्ये आवळली.

"काय करताय?" वन्सं म्हणाल्या.

"सगळाच तोंडाएवढा मोठा करतेय."

"हात लावायचा नाही त्याला! दादाच्या हातचं शेवटचं काम आहे ते!"

"हो. आणि ते वाईट आहे."

लेथ सुरू झाला. वन्सं पिशवी उचलून तरातरा बाहेर पडल्या. ओतारीला वाटलं, सुटलो. पण कोपऱ्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या. दारात उभ्या राहून वहिनींच्या हातांकडे बघत राहिल्या. वहिनी सिलिंडर मुठीत धरून फिरत्या कांडीवर मागेपुढे सरकवत होत्या, मध्येच उलटा करत होत्या.

"मोजल्याशिवाय घासताय," वन्सं दारातून म्हणाल्या. "आंधळी कोशिंबीर चाललीय."

"गेज तुमच्या पिशवीत आहे. मी काय जिभेनं मोजू?"

वन्सं आत आल्या. वहिनींनी सिलिंडर धुऊन पुढे केला, तशी त्यांनी हात मागे घेतला. "गरम आहे. गरम असताना भोक मोठं दिसतं. निवू द्या."

मग तिघं सिलिंडर निवायची वाट बघत बसले. याहून अवघड बैठक ओतारीनं आयुष्यात पाहिली नव्हती. सिलिंडर मध्ये स्टुलावर, एकीकडे वहिनी, एकीकडे वन्सं. कोणी बोललं असतं तर बरं, असं वाटावं इतकी शांतता. आणि कोणी बोललं की वाटावं, गप्प होते तेच बरं होतं.

"चहा?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही करणार असाल तर नको."

वन्संनी मोजलं. "तळाशी अजून घट्ट. मध्ये बरं आहे." पुन्हा लेथ, पुन्हा रॉकेल, पुन्हा स्टूल. संध्याकाळ होत आली तेव्हा काटा वरपासून खालपर्यंत एकाच जागी उभा राहिला. वन्संनी तीनदा तपासलं. चूक सापडेना, याचं त्यांना वाईट वाटतंय असंच दिसत होतं.

घासता घासता तोंडही जरा वाढलं होतं; आता आधीचे दोन्ही पिस्टन त्या सिलिंडरात खुळखुळायला लागले. ओतारीनं दिलेल्या कांडीचा एकच तुकडा उरला होता.

"चुकू नका," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही बोलला नाहीत तर नाही चुकणार."

वहिनींनी पिस्टन सोलला. वन्सं दर वेळी मायक्रोमीटर लावून किती राहिलं ते सांगत होत्या. वहिनी तेवढंच काढत होत्या. मग पत्र्यासारखं पातळ सोलणंही जास्त होईल अशी वेळ आली, आणि पितळी कड्यात पेस्ट घालून घासणं सुरू झालं. वहिनींनी थोडं घासलं, धुतलं, गार केलं, सिलिंडरात सोडून बघितलं. उतरत होता, पण अडखळत. पुन्हा कडं हातात घेतलं, तर वन्संनी ते ओढून घेतलं.

"तुमचा हात जड आहे. एका दाबात वाट लावाल."

वहिनींनी सोडलं. का सोडलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वन्सं पाठ ताठ ठेवून बसल्या आणि कडं इतकं हलकं फिरवायला लागल्या की आवाजच येईना. थोडं फिरवायच्या, पुसायच्या, मोजायच्या. शेवटी पिस्टन धुऊन त्यांनी सिलिंडराच्या तोंडाशी धरला आणि खालचं तोंड बंद करायला वहिनींनी आपला तळवा पुढे केला.

पिस्टन उतरायला लागला. गाढ झोपेत कूस बदलावी तसा, कुठेही न थांबता, वरपासून तळापर्यंत. वहिनींनी तळवा काढला तशी टक् करून खाली पडला.

"हं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून पास म्हणायची ही रीत होती.

दिवा लावला. नळी तापली. वहिनींनी टिचकी दिली आणि चाक फिरलं. आधी आळसावून, मग जोरात, मग चाकाचे आरे दिसेनासे झाले. बारीक टिकटिक सुरू झाली. ओतारीनं टाळ्या वाजवल्या. दोघी वाकून बघत होत्या. दोघींची डोकी एकमेकींना लागतील एवढी जवळ आली होती. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्या दिवसात एकीनं दुसरीवर केलेली मेहेरबानी ती एवढीच.

दिवा विझवला, इंजिन निवलं. वन्सं म्हणाल्या, "धुऊन ठेवायला हवा," आणि पिस्टन सोडवून घेतला, धुतला, पुसला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"जिचा पिस्टन चालेल तिचं इंजिन, असं ठरलं होतं. शेवटचा हात माझा आहे. पण मी काही तुमच्यासारखी नाही. इंजिन तुम्ही ठेवा. पिस्टन माझा."

"सोललाय मी!"

"बसवलाय मी."

वहिनींनी पिशवीचा बंद धरला. "द्या तो."

"सोडा."

"दे म्हणते ना!"

"हात सोड माझा! दादाला खाल्लंस, आता हे पण..."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ‘अहो’ गळून पडलं होतं. ते ऐकून दोघीही दचकल्या. ओतारी मध्ये पडला. वहिनींचा हात सुटला, वन्सं पिशवी छातीशी धरून निघून गेल्या.

त्यानंतर वन्संनी दुकानात पाऊल टाकलं नाही. वहिनींनी ओतारीकडून नव्या कांड्या आणल्या. गेज नव्हता, मायक्रोमीटर नव्हता. कितीतरी पिस्टन वाया गेले. मशिनं दुरुस्त करायची, गिऱ्हाइकं गेली की लेथ लावायचा. ओतारी एकदा म्हणाला, "मागून बघू का त्यांच्याकडून?" वहिनींनी हातातली पकड टेबलावर आपटली. तो पुन्हा बोलला नाही. पण शेवटी एक पिस्टन बोटांच्या भरवशावर जमला. वन्संच्या पिस्टनइतका मऊ उतरत नव्हता, चाक तितकं वेगात फिरत नव्हतं, पण फिरत होतं. वहिनींनी इंजिन काचेत ठेवलं. येणारी-जाणारी माणसं थांबायची. "मिस्त्रींनी केलं का?" असं कोणी विचारलं की वहिनी म्हणायच्या, "सुरू त्यांनी केलं."

आणि वन्संकडे एक असा पिस्टन होता, जो जगातल्या एकाच सिलिंडरात बसत होता. तो त्यांनी काही दिवस कपाटात ठेवला. मग एका सकाळी त्या ओतारीच्या भट्टीवर गेल्या आणि बिडाचा ठोकळा मागितला.

"कशाला?"

"याच्या मापाचा सिलिंडर करायचाय."

ओतारी बघतच राहिला. लोक सिलिंडर करून त्यात पिस्टन बसवतात. ही बाई पिस्टनभोवती आख्खं इंजिन बांधायला निघाली होती. त्यानं तसं बोलून दाखवलं, तर वन्संनी त्याच्या लेथला पुन्हा नावं ठेवायला सुरुवात केली. तिथेच त्या रोज उभ्या राहिल्या. सिलिंडर झाला, नळी झाली, आतला डबा वेडावाकडा झाला म्हणून दोनदा केला. चाक ओतारीनं ओतून दिलं.

ते इंजिन चाललं त्या दिवशी ओतारी धावत वहिनींच्या दुकानात आला. वहिनी एका मशीनची दोरावाटी, म्हणजे बॉबिनची डबी, साफ करत होत्या.

"चाललं!" तो म्हणाला.

"काय?"

"वन्संचं. दिव्यातलं स्पिरिट संपेपर्यंत चाललं."

वहिनी दोरावाटी पुसत राहिल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "खडखडतं का?"

"नाही. आवाजच नाही. पिस्टनच तसा आहे ना."

"आणि वेग?"

"तुमच्यापेक्षा जास्त आहे," ओतारी म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं की नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

पण वहिनी चिडल्या नाहीत. त्यांनी काचेतल्या इंजिनाकडे एकदा बघितलं. "मी विचारलं म्हणून सांगू नका त्यांना."

ओतारीच्या पोटात काही राहत नसे. त्याच दुपारी त्यानं वन्संना सगळं सांगितलं. वन्सं इंजिन पुसत होत्या. फडकं थांबलं.

"वेग विचारला?"

"हो."

"विचारणारच," वन्सं म्हणाल्या. त्यांनी फडकं झटकलं. "त्यांना सांगा, पुढच्या वेळी दुकान बंद असेल त्या दिवशी माझं घेऊन येते. शेजारी शेजारी लावू. आणि सांगा, चहा मी घरून पिऊन येईन."

ओतारीनं निरोप पोचवला. वहिनींनी तो ऐकला, खणातून पॉलिश पेपर काढला आणि काचेतलं इंजिन टेबलावर घेऊन त्याचा पिस्टन सोडवायला बसल्या.